सनद परत केल्यानंतर

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. रात्रीचें जेवण आटोपून मी वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों, तोंच विलायतेहून टेलिफोन आला. बोलणारा माझा एक जुना विद्यार्थी. पंचवीस वर्षांपूर्वीं मीं त्याला इतिहास शिकविला होता; आज तो इंग्लंडांत एका मालगोदामांत हिशेबनीस आहे. क्षेमकुशल झाल्यावर त्यानें आपली अडचण सांगितली. मध्यंतरीं नोकरी सुटली असतां त्यानें एका कंपनीकडून जबर व्याजाचें कर्ज घेतलें होतें. ऋणकोची ऐपत पाहूनच कर्ज द्यावें असा तिकडे नियम आहे. आपल्या बाबतींत तो पाळला गेला नाहीं, तेव्हां व्याज परत मिळावें, अशी त्याची मागणी होती. ही मागणी स्वतः न करतां त्यानें ती, असे दावे चालविण्याचाच धंदा करणाऱ्या एका दुसऱ्या कंपनीच्या हवालीं केली. कांहीं महिने गेले; आणि आतां त्या कंपनीचें एकपानी पत्र आलें होतें. आम्ही आमची अधिकृत परवानगी परत करीत आहों, अमुक तारखेनंतर आपला दावा आम्हांस चालवितां येणार नाहीं, अशा मतलबाचें.

"गुरुजी," तो म्हणाला, "कंपनीची सनद गेली. म्हणजे माझा दावाहि गेला का?"

प्रश्न साधा होता, पण मला लागलीच उत्तर देतां आलें नाहीं. मी कायदेपंडित नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पस्तीस वर्षें खडू हातांत धरलेला शाळामास्तर. परंतु इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. आजचा नियम असा कां, हें विचारलें म्हणजे तो कालच्या गोष्टीकडे वळतो. त्या रात्रीपासून पुढचे पंधरा दिवस मीं हें प्रकरण वाचून काढलें. त्यांत जें हातीं लागलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-लेकी आज तिकडे संसार करून आहेत, आणि दुसऱ्याच्या हातीं आपलें काम सोंपविण्याचा प्रसंग तर आपणां सर्वांनाच येतो.

प्रथम या कंपन्या म्हणजे काय तें पाहूं. बँकेनें फसवून विमा गळ्यांत मारला, रस्त्यांत मोटारीनें धडक दिली, कारखान्यांत बोट तुटलें, तर नुकसानभरपाई मागण्याचा हक्क ज्याचें नुकसान झालें त्याचा. पण अर्ज कोठें करावा, काय लिहावें, कोणते कागद जोडावे, हें सामान्य माणसाला ठाऊक नसतें. तेव्हां एक मध्यस्थ पुढें येतो आणि म्हणतो, "तुम्ही फक्त सही करा, बाकीचें आम्ही पाहतों. मिळालें तर आम्हांला शेकडा इतके द्या. न मिळालें तर कांहीं देऊं नका." हे मध्यस्थ वकील असतीलच असें नाहीं. इंग्लंडांत त्यांना 'क्लेम्स मॅनेजमेंट कंपनी' म्हणतात; आपण त्यांना दावे चालविणाऱ्या कंपन्या म्हणूं.

दुसऱ्याच्या दाव्यांत असा वांटा घेणें हें इंग्लंडांत शतकानुशतकें पाप समजलें जात होतें, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत, १२७५ सालीं, वेस्टमिन्स्टरचा प्रसिद्ध कायदा झाला. त्यांत राजाच्या अधिकाऱ्यांनीं, दाव्यांत मिळणाऱ्या मालमत्तेचा वांटा ठरवून कोणाचाहि दावा चालवूं नये, असा निर्बंध घातला होता. या प्रकाराला 'चॅम्पर्टी' असें नांव पडलें. शब्दाचा मूळ अर्थ शेताची वांटणी. बंदी घालण्यास कारणहि तसेंच होतें. त्या काळचे बडे सरदार दुबळ्याचा संशयास्पद दावा आपल्या पाठीशीं घालीत, पंचांवर दडपण आणीत, आणि जिंकलेल्या शेताचा मोठा तुकडा आपल्या घशांत घालीत. ज्याचा दावा त्यानेंच तो चालवावा, तिऱ्हाइतानें दुसऱ्याच्या भांडणांत गुंतवणूक करूं नये, हा दंडक त्यांतून रूढ झाला. हा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यांतून निघाला तो थेट १९६७ सालीं. आणि तेव्हांहि असे करार न्यायालयानें उचलून धरलेच पाहिजेत असें कांहीं ठरलें नाहीं.

आपल्याकडे मात्र वेगळी वाट पडली. १८७६ सालीं कलकत्त्याकडील एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला, कीं इंग्लंडचा हा निर्बंध हिंदुस्थानांत जसाच्या तसा लागू नाहीं. गरीब पक्षकाराला कोणी पैसा पुरविला व त्याबद्दल वांटा ठरविला, तर तेवढ्यानें करार बेकायदा होत नाहीं. तो लुबाडणुकीचा मात्र असतां कामा नये. वकिलानें स्वतः असा वांटा घेणें आपल्याकडेहि निषिद्ध आहे. शिवाय आपल्या दिवाणी व्यवहारसंहितेंत एक फार शहाणपणाची तरतूद आहे. एकदां वकीलपत्र कोर्टांत दाखल झालें, कीं कोर्टाच्या परवानगीवांचून तें सुटत नाहीं. वकिलाला मधूनच 'मी चाललों' म्हणून उठतां येत नाहीं. इंग्लंडांतील माझ्या विद्यार्थ्याच्या दाव्याला असें कोर्टाचें छत्र नव्हतें, कारण दावा कोर्टांत नव्हताच. तो केवळ पत्रव्यवहारांत होता. अडचणीचें मूळ येथें आहे.

आतां आपण अलीकडच्या काळाकडे येऊं. गरिबाला वकील देण्यासाठीं इंग्लंडांत सरकारी मदत मिळत असे. तिचा खर्च वाढत गेला, तेव्हां 'जिंकलों तरच फी' या कराराला १९९० च्या कायद्यानें दार उघडलें आणि १९९५ पासून तो प्रत्यक्ष सुरू झाला. पुढें १९९९ च्या कायद्यानें अपघाताच्या बहुतेक दाव्यांची सरकारी मदत बंद झाली, आणि त्याबरोबर असें ठरलें कीं दावा हरल्यास खर्च निघावा म्हणून अशिलानें जो विमा उतरवावयाचा, त्याचा हप्ताहि जिंकल्यावर प्रतिपक्षाकडून वसूल व्हावा. झालें! ज्या धंद्याला सातशें वर्षें चोरवाटेनें हिंडावें लागत होतें त्याला राजमार्ग मिळाला. दूरचित्रवाणीवर जाहिराती झळकूं लागल्या. बाजारांत, दुकानांच्या दारांत, रुग्णालयांच्या आवारांत गुमास्ते लोकांना गांठून विचारूं लागले, "गेल्या तीन वर्षांत आपणांस कांहीं अपघात झाला का?"

या लाटेवर आरूढ झालेल्या दोन कंपन्यांचीं नांवें तिकडे अजून लोकांच्या स्मरणांत आहेत. पहिली 'क्लेम्स डायरेक्ट'. २००० सालच्या जुलैंत तिचे भाग लंडनच्या शेअर बाजारांत विक्रीस आले. या कंपनीची रीत अशी होती, कीं अशिलानें विम्याचा हप्ता म्हणून सुमारें साडेबाराशें पौंड द्यावयाचे, आणि तेवढे जवळ नसल्यास त्यासाठीं कर्ज काढून द्यावयाचें. दावा जिंकला तर ही रक्कम प्रतिपक्षाकडून वसूल होईल अशी कल्पना. पण प्रतिपक्षाच्या विमा कंपन्यांनीं हरकत घेतली. न्यायालयानें तपासून पाहिलें, तों त्या रकमेंतील जवळजवळ निम्माच भाग खऱ्या विम्याचा ठरला. उरलेला कंपनीच्या इतर कामांचा. म्हणजे तो भार फिरून अशिलाच्या डोक्यावर. हप्ता, व्याज व इतर खर्च वजा जाऊन जखमी माणसाच्या हातांत अगदींच थोडी रक्कम उरते, अशा तक्रारी वृत्तपत्रांत येऊं लागल्या. २००२ सालच्या जुलैंत ही कंपनी कोसळली.

दुसरी मँचेस्टरची 'ॲक्सिडेंट ग्रुप'. ३० मे २००३ रोजीं तिचा कारभार दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणें नेमलेल्या प्रशासकांच्या हातीं गेला, आणि सुमारें अडीच हजार नोकरांपैकीं पुष्कळांना नोकरी गेल्याची बातमी मोबाइलवरील संदेशानें कळली. त्या संदेशाची हकीकत जगभर गाजली. परंतु नोकरांच्या मागें अशिलांचा एक मोठा जमाव उभा होता. त्यांच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्यांचे दावे कायद्यानें बुडाले नव्हते. प्रत्यक्ष काम सॉलिसिटरांकडे होतें, आणि सॉलिसिटरांवर त्यांच्या धंद्याची शिस्त होती. पण हप्त्यासाठीं काढलेलें कर्ज तसेंच होतें. आणि कंपनीकडे फोन करावा तर उचलणारा कोणी नव्हता.

या दोन पडझडींतून राज्यकर्त्यांच्या लक्षांत आलें, कीं सॉलिसिटराला सनद लागते, बँकेला लागते, विमा कंपनीला लागते. पण या मध्यस्थाला कांहींच लागत नाहीं. कोणीहि उठावें, टेबल मांडावें, आणि लोकांचे दावे गोळा करावे. म्हणून २००६ सालीं भरपाईविषयक कायदा झाला, आणि एप्रिल २००७ पासून इंग्लंड व वेल्समध्यें परवानगीवांचून हा धंदा करणें गुन्हा ठरला. देखरेख न्यायमंत्र्यांच्या खात्याकडे आली. म्हणजे, मीं वर 'सनद' हा आपला शब्द वापरला ती या धंद्याला मिळाली अवघी २००७ सालीं. सनद मिळाली म्हणूनच ती परत करण्याचा प्रश्न निर्माण झाला. त्यापूर्वीं कंपनी नुसती नाहींशी होत असे.

याच सुमारास या धंद्याला इतकें मोठें पीक आलें कीं तसें पूर्वीं कधींच आलें नव्हतें. ब्रिटिश बँकांनीं कर्जाबरोबर एक विमा विकला होता. ऋणको आजारी पडला किंवा बेकार झाला तर कर्जाचे हप्ते त्या विम्यांतून भरले जावे, असा त्याचा उद्देश. कल्पना वाईट नव्हती. पण जो स्वतःचा धंदा करतो, ज्याला या विम्यांतून कधींहि पैसा मिळणें शक्य नाहीं, अशालाहि तो विकला गेला. कित्येकांना आपण विमा घेतला आहे हें ठाऊकहि नव्हतें. अशा सहा कोटींहून अधिक पॉलिसी विकल्या गेल्याचा अंदाज आहे. एप्रिल २०११ मध्यें बँका न्यायालयांत हरल्या आणि परताव्याचें दार उघडलें. जानेवारी २०११ पासून पुढें बँकांनीं परत केलेली रक्कम अडतीस अब्ज पौंडांहून अधिक भरली.

या प्रकरणांतील मौज, किंवा खेद म्हणा, असा कीं परतावा मागण्यास मध्यस्थाची मुळीं गरजच नव्हती. बँकेला एक पत्र लिहावयाचें; तिनें नकार दिला तर 'फायनान्शियल ऑम्बुड्समन' या तक्रारनिवारकाच्या कचेरीकडे दाद मागावयाची. दोन्हीं ठिकाणीं एक कवडीहि पडत नाहीं. तरीहि लाखों लोकांनीं मध्यस्थ केला. ब्रिटनच्या राष्ट्रीय हिशेबतपासणी कचेरीनें २०१६ सालीं अंदाज दिला, कीं एप्रिल २०११ ते नोव्हेंबर २०१५ या काळांत वांटल्या गेलेल्या सुमारें बावीस अब्ज पौंडांपैकीं ३.८ ते ५ अब्ज पौंड या कंपन्यांकडे गेले. पत्र लिहिण्याचा कंटाळा आणि सरकारी भाषेची भीति, या दोहोंची ही किंमत.

अखेर २०१८ सालीं नवा कायदा झाला. १० जुलै २०१८ पासून या विम्याच्या दाव्यांतील फी शेकडा वीसच्या वर घेण्यास बंदी झाली. १ एप्रिल २०१९ पासून या कंपन्यांवरील देखरेख न्यायखात्याकडून निघून 'फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी' या, बँकांवरहि नजर ठेवणाऱ्या, कडक संस्थेकडे आली. आणि स्कॉटलंडहि या नियमांखालीं आलें. जुन्या कंपन्यांनीं प्रथम तात्पुरती परवानगी घ्यावयाची, मग ठरल्या मुदतींत कायमच्या परवानगीसाठीं अर्ज करावयाचा. त्याच वर्षीं २९ ऑगस्टला विम्याच्या तक्रारी घेण्याची शेवटची मुदत संपली. एका बाजूनें नियम कडक झाले आणि दुसऱ्या बाजूनें पीक संपलें. मग अनेक कंपन्यांनीं कायमचा अर्ज केलाच नाहीं, कित्येकांनीं मिळालेली परवानगी परत केली, कांहींनीं दिवाळें काढलें. सुगी संपल्यावर खळ्यावरचीं माणसें जशीं पांगतात तसेंच हें झालें. मागें राहिले ते अशील, ज्यांचें धान्य अजून मळावयाचें होतें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतों. कंपनीनें सनद परत केली म्हणजे नेमकें काय होतें?

पहिली गोष्ट ही, कीं अर्ज केला आणि सनद गेली असें होत नाहीं. अर्ज त्या देखरेख करणाऱ्या संस्थेकडे जातो. लोकांच्या हिताला बाध येत असेल तर ती तो नाकारूं शकते. कंपनीनें चालू दाव्यांची व्यवस्था लावावी, लोकांचे पैसे परत करावे, पडून असलेल्या तक्रारी निकालांत काढाव्या आणि अशिलांना वेळेवर कळवावें, अशी अपेक्षा असते. एकदां सनद रद्द झाली म्हणजे मात्र कंपनीला हा धंदा करतां येत नाहीं. तरीहि ती करील तर तो गुन्हा. आणि सनदेवांचून तिनें कोणाशीं नवा करार केला तर तो करार त्या माणसावर बंधनकारक होत नाहीं, दिलेले पैसेहि त्याला परत मागतां येतात.

दुसरी गोष्ट, आणि हीच मुख्य, ती ही कीं दावा कंपनीचा नसतोच. तो अशिलाचा. कंपनीनें फक्त त्याच्या वतीनें बोलण्याचें अधिकारपत्र घेतलेलें असतें. मुखत्यार गेला म्हणून शेत जात नाहीं. कंपनी निघून गेली तरी बँकेविरुद्धचा किंवा सावकाराविरुद्धचा हक्क जागच्या जागीं असतो, आणि अशिलाला तो स्वतः पुढें चालवितां येतो. त्याला नवी कंपनी करावयाची असेल तर तीहि करतां येते. तसें करतांना मात्र ती अधिकृत नोंदवहींत आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि जुन्याच भरंवशावर नव्या कागदावर सही करूं नये. सही केल्यापासून चौदा दिवसांच्या आंत विनाखर्च करार मोडतां येतो. १ मार्च २०२२ पासून बँका व कर्जें यांसंबंधींच्या इतर दाव्यांतहि फीला मर्यादा घातली आहे. दीड हजार पौंडांच्या आंतील परताव्यावर शेकडा तीस आणि फार तर चारशें वीस पौंड. रक्कम वाढेल तसतसा हा शेकडा उतरत जातो.

तिसरी गोष्ट मुदतीची. येथें माणसें फसतात. दावा जिवंत राहतो हें खरें, पण घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं. तक्रार आल्यापासून आठ आठवड्यांत उत्तर द्यावें असा कर्ज देणाऱ्या बहुतेक कंपन्यांना नियम आहे. तिचें अखेरचें उत्तर आलें, कीं त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आंत ऑम्बुड्समनकडे गेलें पाहिजे. शिवाय मूळ घटनेपासून सहा वर्षें, किंवा तक्रारीचें कारण लक्षांत आल्यापासून तीन वर्षें, यांतील जी मुदत नंतर संपेल ती. अपवादात्मक कारण असेल तर उशीर माफ होऊं शकतो, पण त्यावर विसंबून राहूं नये. आतां मौज पाहा. अशिलानें अधिकारपत्र कंपनीला दिलेलें, म्हणून सावकाराचें अखेरचें उत्तर कंपनीकडे जातें. कंपनीचें तर आंवराआंवरीचें काम चाललेलें. उत्तर तिच्या कपाटांत पडून राहतें, आणि अशील घरीं बसून उत्तराची वाट पाहत असतो.

चौथी गोष्ट कागदांची. कंपनीकडे आपल्याविषयीं जी माहिती आहे तिची नक्कल मागण्याचा हक्क तिकडील कायद्यानें प्रत्येकाला आहे. बहुधा एक महिन्यांत आणि विनाखर्च ती मिळाली पाहिजे. ती मिळण्याआधींच कंपनीचें दार बंद झालें, तर मूळ बँकेकडून किंवा सावकाराकडून तीच माहिती मागतां येते. म्हणून पहिलें पत्र कंपनीला लिहावें, आणि दुसरें त्याच दिवशीं सावकाराला: 'अमुक कंपनीला मीं दिलेला अधिकार आजपासून संपला आहे. यापुढें पत्रव्यवहार थेट माझ्याशीं करावा, आणि आजवर कंपनीला पाठविलेल्या उत्तरांच्या नकला मला द्याव्या.' एवढें पाहिजे.

पांचवी गोष्ट पैशाची. परताव्याची रक्कम कंपनीच्या हातीं आली असेल, तर ती कंपनीच्या स्वतःच्या पैशापासून वेगळी, विश्वस्ताप्रमाणें सांभाळावी असा नियम आहे. कंपनी बुडाली तरी त्या ठेवीवर तिच्या इतर सावकारांचा हात पोंचूं नये हा त्याचा हेतु. परंतु अशिलानें फी म्हणून आधींच दिलेले पैसे निराळे. कंपनी चालू असेल तर ते मागतां येतात, आणि तिनें न दिल्यास ऑम्बुड्समनकडे तिच्याविरुद्धहि तक्रार करतां येते. सनद असतांना घडलेल्या गोष्टीबद्दल, सनद गेल्यानंतरहि. पण कंपनीचें दिवाळें निघालेलें असेल तर तो अशील इतर धनकोंच्या रांगेंत शेवटाला जाऊन उभा राहतो. बँक बुडाली तर ठेवीदारासाठीं ब्रिटनमध्यें एक भरपाई निधि आहे. दावे चालविणाऱ्या कंपन्यांना मात्र तो लागू केलेला नाहीं. २००६ पासून इतके नियम झाले, पण हा एक कोपरा उघडाच राहिला आहे. कायदे करणाऱ्यांनीं निधीचा खर्च व लोकांचें नुकसान तोलून तसें ठरविलें असेल. ज्याचे पैसे जातात त्याला मात्र त्या तोलाचें समाधान होत नाहीं.

हें सर्व वाचून झाल्यावर मीं विद्यार्थ्याला फोन केला. तोंपर्यंत त्यानें कांहींच केलें नव्हतें. कंपनी कळवील, दुसरी कोणी कंपनी दावा घेईल, अशा आशेवर तो होता. मीं त्याला विचारलें, "सावकाराचें अखेरचें उत्तर आलें आहे का?" तो म्हणाला, "मला तर कांहीं आलें नाहीं, गुरुजी." मीं म्हटलें, "तुला नव्हे. कंपनीला आलें आहे का?" फोनवर बराच वेळ कांहीं आवाज आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें सावकाराला पत्र धाडलें. आठ-दहा दिवसांत नक्कल आली. सावकारानें साफ नकार दिला होता, आणि त्या नकारावरील तारीख पांच महिन्यांपूर्वींची होती. सहा महिन्यांतील पांच कंपनीच्या कपाटांत गेले होते.

मग त्यानें रविवारचा दिवस खर्चीं घालून स्वतः तक्रार लिहिली. मला त्यानें ती वाचून दाखविली. शाळेंत त्याचे निबंध लांबलचक असत. ही तक्रार दीड पानाची होती. कर्ज कधीं घेतलें, तेव्हां पगार किती होता, आधींचीं कर्जें किती होतीं, सावकारानें काय विचारलें आणि काय विचारलें नाहीं, एवढेंच. मुदतीला एकोणीस दिवस उरले असतां ती ऑम्बुड्समनच्या कचेरींत दाखल झाली. निर्णय अजून व्हावयाचा आहे. दावा तो जिंकेल कीं नाहीं, मी सांगूं शकत नाहीं. पण मुदतीपायीं तो हरणार नाहीं.

"हें मला आधींच लिहितां आलें असतें," तो नंतर म्हणाला. मीं त्याला दोष दिला नाहीं. दिवसभर गोदामांत राबून आलेल्या माणसाला परक्या भाषेंतील कायद्याचा कागद पाहून भय वाटावें, यांत नवल नाहीं. त्या भयावरच तर हा धंदा उभा राहिला. आणि सगळ्याच कंपन्या लबाड होत्या असेंहि मी म्हणणार नाहीं. ज्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें, जे म्हातारे होते, आजारी होते, अशा कित्येकांना त्यांच्यामुळें हक्काचा पैसा मिळाला. चॅम्पर्टीच्या जुन्या बंदीनें दुबळ्याला सरदारापासून वांचविलें असेल, पण त्याच बंदीनें त्याला एकटेंहि पाडलें. मध्यस्थ पाहिजे हें खरें. तो आपलें काम करीत आहे कीं नाहीं एवढें आपण अधूनमधून विचारीत राहिलें पाहिजे.

आपल्या घरांतूनहि आपण वकीलपत्रें देतों, मुखत्यारपत्रें करतों, विम्याच्या आणि पेन्शनच्या कामासाठीं कोणा ओळखीच्या माणसाला कागद देऊन मोकळे होतों. घरोघर एक लहानशी वही असावी, तींत कोणाला कोणता कागद दिला, कोणत्या तारखेला दिला, आणि उत्तर कोणत्या मुदतींत यावयास हवें, एवढीं तीन कलमें लिहावीं. माझ्या विद्यार्थ्यानें आतां तशी वही केली आहे. मीं स्वतःहि केली. आणि पहिल्याच पानावर लिहितांना लक्षांत आलें, कीं माझ्याच पेन्शनच्या एका अर्जाची नक्कल एका ओळखीच्या गृहस्थांकडे तीन वर्षांपासून पडून आहे.